कोर्टात सांगितलेला भाऊ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याच्या फोटोपुढेही नाही — आणि त्याच्यापुढे तर मी गवळ्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगते.

मोहाडीत आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत मनोहर राहायचा. बायको शारदा, मुलगी पल्लवी आणि तो. अकरा वर्षं. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहणारे दोन ट्रक होते त्याचे. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराला तो भाडं माझ्या हातावर ठेवायचा. पावती? छे! पहिल्याच वर्षी मी त्याला राखी बांधली होती. भावाला कुणी पावती देतं का? त्यालाही मागायची लाज वाटायची.

किती गोड वाटतं ना ऐकायला? पण ते माझ्या सोयीचंही होतं. घरपट्टीच्या कागदावर मी त्या खोल्या 'स्वतःच्या वापरात' असं लिहून दिलं होतं. भाडेकरू दाखवला की पट्टी वाढते. किती — तर वर्षाला एका बऱ्यापैकी साडीइतकी.

मग मनोहरचा धंदा बसला. ट्रक गेले, कर्ज राहिलं. तो एका राइस मिलमध्ये पगारावर लागला आणि भंडाऱ्याच्या कोर्टात त्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला. पगारातलं घरखर्चाला किती सोडायचं, देणेकऱ्यांकडे किती वळवायचं, हे आता कोर्ट ठरवणार होतं. अर्जात त्यानं भाडं लिहिलं होतं. त्याला पुरावा हवा होता.

"ताई, माह्यापाशी त पावतीच नाही," तो ओट्यावर बसून म्हणाला. "वकील म्हणते, घरमालकीण येऊन बोलली त काम होऊन जाते. तुम्ही फक्त जे हाये ते सांगा."

मी लगेच हो म्हणाले. चहाही पाजला.

कोर्टात देणेकऱ्यांच्या वकिलानं एक कागद पुढे केला — माझ्याच घरपट्टीचा उतारा. "इथं तर भाडेकरू नाही, बाई. हा माणूस तुम्हाला भाडं देतो का?"

मी कोण, तर तीस वर्षं शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभी करणारी बाई! अकरा वर्षांची पट्टी, वर दंड, गावभर छी-थू — सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. समोर मनोहर अगदी निवांत उभा होता. त्याला खात्री होती ना माझी.

"नाही," मी म्हणाले. "भाऊ आहे तो माझा. भावाकडून कुणी भाडं घेतं का?"

जज्जसाहेबांनी मान डोलावली — कौतुकानं! मग मनोहरला विचारलं, या म्हणतात ते खरं का?

"ताई म्हणते तसंच हाये, साहेब."

म्हणजे भर कोर्टात खोटा कोण ठरला? तो. मला वाचवायला ठरला, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी तोंड उघडलं नाही.

परतीच्या एसटीत त्यानंच माझंही तिकीट काढलं. मी खिडकीतून धानाच्या बांध्या बघत बसले.

कोर्टानं घरखर्चातून भाडं वगळलं; पगारातले तेवढे पैसे देणेकऱ्यांकडे वळले. शारदा दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जाऊ लागली. पल्लवीचं नर्सिंग मधेच सुटलं. तुम्हाला वाटेल, निदान भाडं तरी मी सोडलं असेल. — तेच सांगायला बसलेय मी. आतापर्यंत सांगितलं ते तर त्याच्या आधीचं.

महिना लागला. पहिल्या बाजाराला मनोहर नेहमीसारखा ओट्याशी आला आणि नोटा पुढे केल्या.

"ताई, मोजून घ्या."

अकरा वर्षांत असं तो कधी म्हणाला नव्हता. मी मोजल्या. बरोबर होत्या. आत नेऊन ठेवल्या.

खोल्या सोडून ते आंधळगावला गेले, तोवर मी दर महिन्याला भाडं घेत राहिले. मधे राखी आली. मी ताट घेऊन गेले, त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. ताटात ओवाळणी टाकली.

तीही मी घेतली.