भरीत, भुतं आणि होणाऱ्या विहीणबाई

पुतणीचं लग्न वांग्याच्या भरतावर येऊन अडकणार आहे, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्या रविवारी उज्जैनला निघून गेलो असतो.

मुलगा ख्रिस्ती, आपला इंदूरचाच, पुतणीच्या ऑफिसातला. वडील नाहीत. आई निवृत्त नर्स, पोलोग्राउंडच्या बाजूला राहणारी, आणि त्या घरात शेवटचा शब्द तिचा. ती आमच्याकडे स्नेहलतागंजात जेवायला येणार होती. तिला सवड नेमकी त्या रविवारी, आणि त्याच दिवशी चंपाषष्ठी. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, खंडोबा तेवढा राहिला. त्या दिवशी त्याला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. दादा चहा पितो, पण चोरून.

पुतणीची पंचाईत अशी, की मुलाने तिला आधीच बजावलं होतं, मम्मी सगळं खाते, भोग लावलेलं मात्र खात नाही. ती आमच्या पानावरून न जेवता उठली असती तर पुढचं बोलणं झालंच नसतं.

"काका, तू वाचतोस ना," पुतणी म्हणाली. "जरा बघ ना, त्यांच्याकडे एक्झॅक्टली काय लिहिलंय."

घरात मी विद्वान समजला जातो, कारण मी चष्मा लावून पेपर वाचतो आणि शब्दकोडं अर्धवट सोडतो. मी ऑफिसातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याकडून बायबल मागून आणलं, मोबाइलवर आणखी काय काय शोधलं, आणि एका संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून निकाल वाचायला घेतला.

"जुन्या हिब्रू स्तोत्रात इतरांचे देव म्हणजे नुसते पोकळ, कुचकामी, असं म्हटलंय. त्याचं ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी तिथे भुतं घातली. पुढे एका प्रेषिताने करिंथ नावाच्या शहरातल्या आपल्या मंडळीला पत्र लिहिलं. तिथल्या बाजारात येणारं पुष्कळसं मटण देवळात वाहिलेलं असायचं. लोकांना प्रश्न पडला, खायचं की नाही? तो आधी म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणतो, हे लोक जे वाहतात ते भुतांना वाहतात."

"म्हणजे आपला खंडोबा भूत," दादा शांतपणे म्हणाला. दादा शांतपणे बोलायला लागला की घरातले दरवाजे आपोआप लावून घेतले जातात.

"त्याने खंडोबाला पाहिलं नव्हतं, दादा."

"पाहिलं असतं तर लिहिलंच नसतं. आपण मणी राक्षसाला मारला, तरी त्याला देवाच्या पायाशी जागा दिली, नैवेद्य दिला. आपल्याकडे राक्षसाची ही इज्जत, आणि त्यांच्याकडे देव भुतांत. तिथे मुलगी द्यायची?"

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. तिने मला लग्न जमवायच्या कामाला लावलं होतं आणि मी ते जवळजवळ मोडत आणलं होतं. मी घाईघाईने पानं उलटली.

"पुढे तर ऐक. शेवट एकदम सही आहे. तो म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते खावं, चौकशी करू नये. मात्र कुणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नये. म्हणजे आपण काही करायचंच नाही. फक्त सांगायचं नाही."

"म्हणजे तुम्ही गप्प बसायचं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "बाकी कुणाचा प्रश्नच नाही."

रविवारी विहीणबाई मुलाला घेऊन आल्या. बारीक चणीच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. आल्या आल्या त्यांनी माझी नखं, दादाचे डोळे आणि वहिनींची सुजलेली पावलं पाहून घेतली. आम्ही तिघेही अ‍ॅडमिट होता होता वाचलो. देवघराचं दार आम्ही लोटून घेतलं होतं. उदबत्ती विझवली होती. फक्त एक गोष्ट राहिली होती. सकाळी तळी उचलताना उधळलेला भंडारा आमच्या सगळ्यांच्या कपाळावर तसाच होता. गुपित सांभाळायला बसलेली अख्खी पंगत हळदीने पिवळीधमक.

पानं वाढली. विहीणबाईंनी डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली. मग डोळे उघडून एकेक कपाळ पाहिलं आणि समोर मी बसलो होतो म्हणून मलाच विचारलं, "भाईसाहब, ये भोग लगा हुआ है क्या?"

खोटं बोलायचं तर खंडोबाचा दिवस. खरं बोलायचं तर पुतणी. मला वाटलं, यातून शास्त्रच वाट काढेल.

"बहनजी," मी म्हणालो, "आपके यहाँ तो लिखा है कि पूछना नहीं चाहिए."

पुतणीच्या हातातल्या रोडग्याचे दोन तुकडे झाले.

"लिखा है," विहीणबाईंनी मान डोलावली. "उसके आगे ये भी लिखा है कि कोई बता दे तो मत खाओ. आपने तो बता दिया." आणि त्यांनी हात पानावरून काढून मांडीत ठेवला.

"मम्मी," मुलगा पुटपुटला.

दादा आता अगदीच शांत झाला होता. "मतलब आप हमारे खंडोबा को भूत मानती हैं?"

"भिया, पूरी नौकरी नाइट ड्यूटी में निकली. भूत तो एक नहीं दिखा," त्या म्हणाल्या. "आपके भगवान को मैं जानती नहीं, तो क्या बोलूँ. मेरा बस एक कायदा है. एक के आगे का खाती हूँ, दूसरे के आगे का नहीं."

दादाने तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलल्या. "बराबर है. हम भी चातुर्मास में बैंगन नहीं खाते, आज जाके छूटा. अब बैंगन में भूत थोड़ी रहता है."

विहीणबाई पहिल्यांदा हसल्या. वहिनी उठून देवघरात डोकावल्या आणि माझ्याकडे बघत परत आल्या. आमच्याकडे देवाला दाखवलेल्या ताटातलं थोडं थोडं सगळ्या पातेल्यांत मिसळतात, मग पंगतीला प्रसाद होतो. ते मिसळायचं काम माझं. त्या दिवशी मी आरशासमोर गप्प बसण्याचा सराव करत होतो, त्यात ते राहूनच गेलं होतं.

"भोग की थाली वहीं की वहीं है," वहिनींनी जाहीर केलं. "पतेले में उसका कुछ मिलाया ही नहीं. आप आराम से खाओ."

"म्हणजे आपल्या पानातही प्रसाद नाही?" दादाला आता उलटीच चिंता लागली.

मग देवापुढचं ताट बाहेर आलं आणि आमच्या बाजूच्या पानांवर त्यातलं चमचाचमचा भरीत पडलं. वहिनींचा चमचा पुतणीपाशी आला. ती विहीणबाईंकडे बघत होती. सकाळपासून तिला ज्याची धास्ती होती ते हेच, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पानावर कोण जेवणार याची नव्हे, पुढे त्या घरात आपण कोण असणार याची. तिने पान पुढे केलं.

"खा, खा," विहीणबाई म्हणाल्या. "तेरा तू जान. तू मुझे खिलाना मत, मैं तुझे टोकूँगी नहीं." मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "मुझे भी दीजिए बैंगन. पतेले वाला."

त्यांनी दोनदा मागून घेतलं. दादाने स्वतः उठून रोडग्यावर तूप वाढलं. शांतपणे नाही, चांगला मोठमोठ्याने आग्रह करत.

निघताना दारात त्या म्हणाल्या, "तारीख निकालिए आप लोग. बस एक बात है. शादी में मेहमानों से बात करने का काम इन भाईसाहब को मत दीजिएगा."

दादा हो म्हणाला, वहिनी हो म्हणाल्या, पुतणीने तर हात वर केला. भटजी की पाद्री, ते अजून ठरायचं आहे. माझं ठरलं.