बरणीच्या वाटेवर

आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात घरून आलेलं लोणचं एका खोलीत कधी राहत नसे. मेसची भाजी बेचव, म्हणून बरणी खोल्याखोल्यांतून फिरायची. साथीच्या दिवसांत शलाकाला ताप आला आणि तपासणीत संसर्ग निघाला. रेक्टरबाईंनी दाराबाहेरूनच विचारलं, "कोणाकोणाबरोबर बसलीस?"

"कोणाबरोबरच नाही, मॅडम. खोलीतच अभ्यास करत होते."

"बरं. मग तुझी बरणी कुठंय?"

शलाकाने शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं.

बाई बरणीच्या मागावर निघाल्या. ती शेजारच्या खोलीतून आमच्याकडे आली होती आणि आमच्याकडून वरच्या मजल्यावर वंदनाकडे गेली होती. जिथे बरणी, तिथे चार-पाच मुली मांडीला मांडी लावून जेवल्या होत्या. मीही त्यांतली एक.

वंदनाची बॅग भरलेली होती. दुपारच्या एसटीने ती गावी निघाली होती. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"मला काहीसुद्धा होत नाहीये, मॅडम."

"शलाकालाही परवा काही होत नव्हतं, बाळा."

साथीला नवी वाट पाडावी लागली नव्हती. एकमेकींकडे जायची आमची रोजची वाट तिला पुरली.

वंदनाने घरी फोन लावला. "बाबा, आज येत नाही."

"का गं? वाट बघतोय."

"म्हणूनच," ती म्हणाली.

एसटी वेळेवर सुटली. खिडकीतल्या बरणीत तळाला दोन फोडी उरल्या होत्या. त्या कोणी घेतल्या नाहीत.