सॉफ्टवेअरला पाडलेलं भोक

चौथीपर्यंत शिकलेला माणूस सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय म्हटल्यावर नातीनं चहाचा कप खाली ठेवला. "नाना, सिरियसली?" हो, सिरियसली. खलिफा सिटीतल्या या फ्लॅटमध्ये बसून ती दिवसभर जे बनवते, त्याला मी तिच्या जन्माआधी भोक पाडलेलं आहे.

तेव्हा मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. कुठला माल कुठे, सगळं डोक्यात. स्टुलावर बसून नुसतं बोट दाखवायचो. एक दिवस शेठनं कॉम्प्युटर आणला. "चाचा, अब ये याद रखेगा. तीन महिना, फिर तुम गाँव जाके आराम करो." रत्नागिरीला घर अर्धं बांधून पडलेलं. आराम कुठला?

कॉम्प्युटर बसवायला पुण्याची एक बाई आली. मला एक शब्द न विचारता, मालाबरोबर आलेल्या कागदांवरून तिनं पंधरा दिवस यादी टाइप केली आणि गुरुवारी सहा काळ्या फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या.

"चाचा, खरी वस्तू ही, सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरचा डबा काय, कुठलाही चालतो. या नीट सांभाळा."

मी एक हातावर तोलून पाहिली. वायपरच्या रबराएवढं वजन नाही, आणि याच्यासाठी मला काढणार!

पण सांभाळा म्हणाली, तर सांभाळणारच. माझा नियम होता, गोदामात आलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधल्याशिवाय आत जागा नाही. सहाही फ्लॉप्यांना पंचनं भोक पाडलं, तारेनं चिठ्ठ्या बांधल्या, ओळीनं खिळ्यांना टांगल्या. खोटं कशाला सांगू, राग होताच. पण भोक रागानं नाही, नियमानं पाडलं.

शनिवारी बाई खिळ्यांसमोर येऊन उभी राहिली. "हे काय, चाचा?"

"माल जमा."

ती खोक्यावर बसली. "खलास. प्रोग्रॅम माझ्या ऑफिसात आहे, पण तुमची यादी गेली. कॉपीसुद्धा यातच होती."

"डबा तर शाबूत आहे ना?" मी धीर दिला.

शेठ माझ्यावर धावून आला, तर बाईच मध्ये पडली. "चाचांना न विचारता काम केलं, माझं चुकलं. आता ते सांगतील तसं लिहिते."

एवढा मान मिळाल्यावर मी थांबतोय होय! तीन आठवडे स्टुलावर बसून सांगत होतो. क्लचप्लेट डाव्या हाताला. रेडिएटर पाठीमागे, मान वळवली की दिसतो.

"चाचा, रॅकचा नंबर सांगा ना."

"माझ्या गोदामात असंच चालतं, बाई. लिहायचं तर लिहा."

शेवटी वैतागून तिनं तसंच लिहिलं.

तीन महिने भरले. शेठनं बटण दाबलं, मशीन करकरलं, कागद बाहेर आला. शेठनं मोठ्यानं वाचलं, "फॅनबेल्ट. चाचा के दाएँ कंधे के ऊपर." एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुम इधरही बैठो, चाचा. हिलना मत."

दुसऱ्याच दिवशी त्यानं माझं स्टूल बोल्ट मारून जमिनीला पक्कं केलं. त्यावर मी आणखी पंधरा वर्षं बसलो, गावचं घर पुरं केलं, आणि कॉम्प्युटरला कसा हरवला ते शारजापासून उम्म अल कुवैनपर्यंत दर दावतीत सांगत सुटलो.

एक गोष्ट तेवढी कुठे सांगितली नाही. रॅकवरचे नंबर इंग्रजी अक्षरांत होते. मला ते वाचताच येत नव्हते.