रंगांच्या कागदाला दाखवलेलं ऊन

दादा बोटीवर होता. वर्षातून दोन महिने रत्नागिरीला घरी यायचा. एका खेपेला त्याने टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला आणि कॅसेटवरचा एकच खेळ. मी तेव्हा कॉलेजात होते. कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत टेपरेकॉर्डर पाच मिनिटं किंचाळायचा, मग खेळ आधी एक प्रश्न विचारायचा: सहाव्या ओळीतल्या चौथ्या चौकटीचा रंग कोणता? आमचा टीव्ही काळा-पांढरा, आणि हा विचारतोय रंग! उत्तर खेळासोबतच्या कागदावर असायचं. तो सगळा बारीक रंगीत चौकटींनी भरलेला. खेळाची कुणी नक्कल करू नये म्हणून ही तजवीज, कारण कागदाच्या झेरॉक्सवर सगळं काळंच यायचं. उत्तर चुकलं की खेळ बंद, पुन्हा पाच मिनिटं किंचाळणं.

दादाची सुट्टी संपली तेव्हा खेळातला शेवटचा किल्ला तेवढा जिंकायचा उरला होता.

"मी आल्यावर दोघांनी मिळून घ्यायचा हां," दादा म्हणाला. "आणि तो कागद जप."

जपलाच मी! आमच्याकडे पावसाआधी घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात, नाहीतर बुरशी ठरलेली. मे महिन्यात आईने अंगणात आमसुलं, गोधड्या, पोथ्या मांडल्या. शेजारी मी तो कागद ठेवला, वर दगड ठेवून, चांगले चार दिवस. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. पाचव्या दिवशी बघते तर लाल गुलाबी झालेला, पिवळा गायब, हिरवा-निळा ओळखू येईना. मी ढसाढसा रडले.

दादा आला, कागद उजेडात धरून बघितला आणि हसत सुटला. "काय गो, खेळाची आमसुलं केलीस काय!"

ती सुट्टी आम्ही अंदाजाने रंग सांगण्यात घालवली. खेळ दोनदाच उघडला, किल्ला काही मिळाला नाही. कुलूप चोरांसाठी, आणि बाहेर राहिलो आम्ही, रीतसर विकत घेणारे. त्याचा राग मला अजून येतो. पुढे दादाचं लग्न झालं, तो मुंबईला राहायला गेला, कॉम्प्युटर माळ्यावर पडला.

परवा माझ्या मुलाने तोच खेळ इंटरनेटवर शोधून दिला. कुणा पठ्ठ्याने त्याचं कुलूप फोडून ठेवलं होतं, म्हणून तर तो टिकला. रंग विचारलाच नाही. जेवणखाण विसरून मी खेळत बसले आणि संध्याकाळी दादाला फोन लावला.

"दादा, किल्ला घेतला!"



"एकटीनंच?" तो म्हणाला. "गणपतीला येतच होतो गो मी."