हेमचंद्र टिपणिसाच्या गाण्यातली बाई

सिंगापुरातल्या मराठी मंडळींत एक कुजबुज अडतीस वर्षं चालली होती. हेमचंद्र टिपणिसाच्या गाण्यात जी बाई बोलते, ती म्हणे त्याने ठेवलेली होती. आता कुजबुज म्हटली की तिला हातपाय फुटणारच. कोणी म्हणे ती हॉटेलात गाणारी फिलिपिनो, तिच्याकडून त्याने चार मराठी शब्द घोकून घेतले. कोणी म्हणे पिनांगची नर्स. अधिकृत आवृत्ती विनीताबाईंकडे असे. त्यांच्या मते ती मुंबईची हवाई सुंदरी, दर गुरुवारी यायची आणि उजव्या गालावर तीळ होता. विनीताबाई स्वतः सिंगापुरात आल्या त्या गाणं निघाल्यानंतर सहा महिन्यांनी, पण तिळाबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

गाण्याचं नाव ‘नवव्या मजल्याचा दिवा’. साल शहाऐंशी. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि हेमचंद्रचा नाकातला आवाज. छोटी तबकडी निघाली, प्रती तीनशे. त्यातल्या निम्म्या तरी लोकांनी भिडेखातर घेतल्या असतील. गाण्यात दोन कडवी झाली की ठोके एकदम थांबतात. शांततेत एक बाई म्हणते, “ऐकलंत ना? आता उलटून ऐका हं.” मागे कोणीतरी फिस्सकन हसतं आणि ठोके पुन्हा सुरू होतात. लोक खूश. तबकडी उलटून बघावी तर मागे तेच गाणं, नुसतं वाजवलेलं, शब्दांशिवाय. काय डोकं लढवलंय पठ्ठ्याने, असं सगळे म्हणाले. त्या वर्षीच्या गणपतीत बँकेतली, गोदीतली सगळी पोरं त्यावर नाचली. हेमचंद्र स्पीकरजवळ उभा राहून वायर धरून होता. वायर सुटलेली नव्हती.

मग गाणं विसरलं गेलं. तबकड्या माळ्यावर गेल्या, कुजबुज तेवढी राहिली.

परवा परवा कोणा शहाण्याने ते इंटरनेटवर चढवलं. बर्लिनमधली पोरं, ज्यांना भोर की सातारा काही ठाऊक नाही, ती त्यावर नाचायला लागली. तिथल्या एका छोट्या कंपनीला तबकडी पुन्हा काढायची होती. पत्रव्यवहार नात करत होती, जाई. अजून शाळेत, आजोबांशी मराठी सुरू करते आणि तिसऱ्या शब्दाला घसरते.

“आजोबा, एव्हरीथिंग डन ला. फक्त एक बॉक्स राहिलाय.” तिने फोन पुढे केला. “ही जी लेडी बोलते ना, तिचं नाव पाहिजे. प्लस तिची सही. सही नसेल तर ते तेवढा पार्ट कापणार.”

“कापू दे.”

“कापू दे काय? तोच तर बेस्ट पार्ट आहे. लोक त्याच्यासाठीच ऐकतात.” मग तिने आवाज खाली आणला. “इज शी स्टिल अलाइव्ह? आजीला नाही सांगणार मी, प्रॉमिस.”

म्हणजे कुजबुज तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली होती. हेमचंद्रने चष्मा काढून पुसला. आत आजी वाटाणे सोलत होती. शेंगा मोडल्याचा आवाज बाहेर येत होता.

महिनाअखेरपर्यंत मुदत होती. चौकोनात नाव लिहायचं म्हणजे सही मागायची, आणि सही मागायची म्हणजे एक गोष्ट विचारायची. ती गोष्ट हेमचंद्रने अडतीस वर्षं विचारली नव्हती. नोकरी झाली, नागरिकत्व झालं, मुलीचं लग्न झालं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण तेवढं राहिलं.

चारुदत्त त्याला दर मंगळवारी हॉकर सेंटरमध्ये भेटतो. विनीताबाईंचा नवरा, निवृत्त बँकवाला, गाण्याचे शब्द त्याचे. यिशुनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघं एका खोलीत राहायचे, तेव्हापासूनची दोस्ती.

“आता तरी सांग, हेम्या,” चारुदत्त कॉफी ढवळत म्हणाला. “बर्लिनला सांगणार आणि मला नाही? नर्स की हवाई सुंदरी?”

“तुझ्या बायकोला विचार. तिला तीळसुद्धा माहीत आहे.”

“तिला काय, माझ्याबद्दलही माहीत नसलेलं माहीत असतं. अरे, मी खोलीत असायचो तुझ्याबरोबर. एक बाई आली नाही कधी. रात्रपाळी करून आलास की उशीला मिठी मारून झोपायचास. तेव्हा ती शिरली कुठून?”

“कॅसेटमधून,” हेमचंद्र म्हणाला.

चारुदत्त हसायला लागला, मग हेमचंद्रच्या तोंडाकडे बघून थांबला. 

त्या काळी घरी फोन करायचा म्हणजे शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल, तीन मिनिटांत निम्मा वेळ ‘हॅलो, हॅलो’. म्हणून गोदीतल्या मराठी पोरांची एक रीत होती. घरून कॅसेटवर बोलून पाठवायचे. एक कॅसेट येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती भारतातून यायची, इकडून त्याच कॅसेटवर पुसून उत्तर जायचं. हेमचंद्रची बायको संजीवनी तेव्हा भोरला, सासरी. कामाच्या पासवर बायकोला आणायची सोय अजून झाली नव्हती. पदरात आठ महिन्यांचा सारंग. बापाने त्याला पाहिलं होतं ते फोटोत.

भोरच्या कॅसेटचा शिरस्ता ठरलेला. पुढची बाजू घरादाराची. हेमचंद्रचे वडील निवृत्त हेडमास्तर, ते मशीन समोर ठेवून सगळ्यांना ओळीने बसवायचे. आधी स्वतः उपदेश करणार, मग आईची औषधांची यादी, मग धाकटी बहीण. सून शेवटी. सगळ्यांच्या देखत ती काय बोलणार? तिने फक्त सांगायचं की आता उलटून ऐका. मागची बाजू तिची. ती कोठीच्या खोलीत दार लोटून एकटी बोलायची. म्हणूनच ‘उलटून’ म्हटलं की नणंद फिस्सकन हसायची.

शहाऐंशीच्या चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी भोरची कॅसेट आली, कोणा पुण्याच्या फिटरच्या हाती. हेमचंद्रने पुढची बाजू ऐकली. वडील सांगत होते, बाळाचं पोट जरा बिघडलं आहे, दात येत आहेत, वैद्यांचं चाटण चालू आहे, काळजी नसावी. शेवटी संजीवनी म्हणाली, “ऐकलंत ना? आता उलटून ऐका हं.”

आणि हेमचंद्रने बटण दाबून कॅसेट थांबवली. त्या वाक्यात त्याला गाणं सापडलं. कडव्यांच्या मधली जागा महिनाभर रिकामी पडली होती, तिथे ते चपखल बसत होतं.

ड्रम मशीन त्याने हॉटेलातल्या एका फिलिपिनो वादकाकडून दोन दिवस मागून आणलेलं. त्याच संध्याकाळी परत द्यायचं होतं. स्टुडिओची तारीख नववर्षाच्या सुट्टीनंतरची. म्हणजे ठोके कशावर तरी उतरवून ठेवायला हवे होते. घरात कोरी कॅसेट एकही नाही. तो खाली उतरला. लिफ्ट तेव्हा ठरावीक मजल्यांवरच थांबायची, हा नवव्यावर असल्यामुळे सुदैवी. खाली दुकानांची लोखंडी दारं ओढलेली, लाल कागद चिकटवलेले. सणाला आख्खं गाव बंद. तो वर आला आणि भोरच्या कॅसेटकडे बघितलं.

मागची बाजू. काय असणार तिच्यात? सासूने काय म्हटलं, नणंद कशी वागली, तुम्ही कधी बोलावणार. पुढच्या खेपेला सांगेलच पुन्हा, बायको कुठे पळून चालली आहे. असं मनाशी म्हणून त्याने कॅसेट उलटी घातली आणि तिच्यावर ड्रम मशीनचे ठोके भरले. बाजू संपेपर्यंत भरले, कमी पडायला नकोत म्हणून. मागून आणलेलं मशीन वेळेत परत केलं. माणूस शब्दाचा पक्का.

सुट्टी संपली. स्टुडिओत आधी मागची बाजू लावून ठोके मोठ्या टेपवर उतरवले, मग कॅसेट उलटली आणि बायकोचं वाक्य बरोबर जागेवर सोडलं. पहिल्याच फटक्यात जमलं. रेकॉर्डिस्टने त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गोदीच्या ऑफिसात तार आली. सारंग गेला होता. तार वाचताना हेमचंद्रला पहिली आठवण झाली ती त्या कॅसेटची. आधी तिची, मग मुलाची. ही उलटी रांग त्याने स्वतःला कधी माफ केली नाही.

तो भोरला पोचला तेव्हा दिवस चालू होते. संजीवनी भिंतीला टेकून बसलेली, त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. घरच्यांना वाटलं, दुःखाने. हेमचंद्रही तेच समजून चालला, कारण दुसरं काही समजणं झेपणारं नव्हतं. परत आला तर तबकड्या छापून तयार होत्या. त्या समुद्रात फेकायला हव्या होत्या, असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं. त्या दिवशी मात्र त्याने एक लावली, बायकोचा आवाज ऐकला आणि गठ्ठा चारुदत्तच्या हवाली केला. तोही ते वाक्य ऐकून ओळखू शकला नाही. संजीवनीला त्याने अजून पाहिलंच नव्हतं.

सत्त्याऐंशीत ती सिंगापूरला आली. पहिलं हळदीकुंकू विनीताबाईंकडे. तिथे कौतुकाने तबकडी लावली गेली. बायका हसल्या, विनीताबाई नवीन मैत्रिणीच्या कानाशी लागल्या.

“तू नवीन आहेस म्हणून सांगते, संजीवनी. डोळे उघडे ठेव हो. गुरुवारी तो कुठे जातो, बघत जा.”

संजीवनीने डाळीची वाटी खाली ठेवली. “कैरी छान आंबट आहे,” ती म्हणाली. त्या दिवशी ती बोलली ते तेवढंच. तिचा आवाज त्या खोलीत दोनदा उमटला, एकदा स्पीकरमधून आणि एकदा तोंडातून, आणि पंचवीस बायकांपैकी एकीने ओळखला नाही. पुढेही ती फार कमी बोलायची. शिष्ट आहे, असं ठरलं. विनीताबाईंनीच ठरवलं.

तर मंगळवारची ती कॉफी संपवून हेमचंद्र सेम्बावांगला घरी आला. दुपारची वेळ. संजीवनी टेबलाशी बसून जाईच्या कुर्त्याला बटण लावत होती. त्याने फॉर्म तिच्यासमोर ठेवला.

“हे काय?”

“गाण्याचं. तुझी सही लागते. आवाजासाठी.”

तिने दोरा दाताने तोडला. फॉर्म वाचला, सावकाश, सगळा. “‘ध्वनिमुद्रण कसे केले’ असं विचारलंय इथे. काय लिहिणार?”

हेमचंद्र खुर्ची धरून उभा राहिला. “संजीवनी, ती मागची बाजू मी ऐकली नव्हती.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“विनीताकडे गाणं ऐकलं तेव्हापासून. तोवर वाटायचं, ऐकूनही गप्प बसलात. गाणं ऐकल्यावर कळलं. मागची बाजू ऐकली असतीत, तर ते वाक्य तुम्ही गाण्यात घातलं नसतंत. इतके वाईट नाही तुम्ही.” तिने सुई रिळात खोचली. “नुसते निष्काळजी आहात.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“तुम्ही विचाराल म्हणून थांबले.”

खाली कोणाचं तरी पोर स्कूटर ओढत नेत होतं, तिची चाकं फरशीवर खडखडत होती. हेमचंद्र खुर्ची ओढून बसला.

“काय होतं तिच्यावर?” त्याने विचारलं.

तिने सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. शब्द न् शब्द तिला पाठ होता, कोठीच्या खोलीत बोलली होती तसाच. एका बाजूला पाऊण तास मावतो, ती बोलली होती चार मिनिटं. उरलेली बाजू कोरीच होती. गाण्याला लागणारे ठोके त्या कोऱ्या भागातही मावले असते. हे त्याच्या आता लक्षात आलं. तिच्या केव्हाच आलं होतं.

मग तिने फॉर्म ओढला आणि सही केली. देवनागरीत, पूर्ण नाव.

“त्यांना एक कळवा,” ती म्हणाली. “तबकडीच्या मागच्या बाजूला काही घालायचं नाही. कोरी ठेवायची. नसेल जमत तर कापा म्हणावं मला.”

जर्मनांना ती कल्पना फार आवडली. तबकडी निघाली, एका बाजूला गाणं, दुसरी बाजू गुळगुळीत. आवाज, संजीवनी टिपणीस, असं बारीक अक्षरात. जाईने ती फ्रेम करून आणली, आजीने ती कपाटात, चादरींच्या खाली ठेवली. मंडळात एक प्रत फिरली. विनीताबाईंनी नाव वाचलं आणि दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की बायकोचं नाव घालून त्याने त्या हवाई सुंदरीवर शिताफीने पांघरूण घातलं. तिळावर त्या अजून ठाम आहेत.

गाण्यातली बाई म्हणजे त्याची बायको. दुसरी कोणी नव्हती. कॅसेटच्या मागच्या बाजूला ती असं म्हणाली होती, की सारंगच्या पोटात चार दिवस दूध ठरत नाही, मामंजी वैद्यांशिवाय कोणाचं ऐकत नाहीत, ते फक्त तुमचं ऐकतील, तर त्याला पुण्याला दवाखान्यात न्या अशी त्यांना एक तार करा. कॅसेट मिळाल्यापासून सारंग आठ दिवस जिवंत होता. तार गेली नाही.