तीन एक्स्टेन्शन आणि एक शोकसभा

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. किस्सा एका मरणाचा आहे, आणि त्यातला गाढवपणा सगळा माझा.

आमचे मेश्राम काका गेले. लखनौला बदली होऊन कुणी मराठी माणूस आला, की चारबाग स्टेशनवर काका हजर! आम्हालाही त्यांनीच उतरवून घेतलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा, माझ्या कडेवर ईशा, आणि काका आपल्या नागपुरी हिंदीत कुलीशी भांडतायत.

पण हेच काका अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. चिनहटहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या मानक नगरला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, असं लोक म्हणायचे. मी तर शेजारच्या गल्लीत राहते. मी तरी कुठे रोज जात होते?

असो. मी मराठी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे शोकसभेची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ऑफिसात मी प्रोग्रॅम लिहिते, म्हणून घरातली वाणसामानाची यादीसुद्धा त्याच टेक्स्ट एडिटरमध्ये. या एडिटरला वरून जोडायची एक्स्टेन्शन मिळतात. हवं ते घ्या, नको ते सोडा. पण फुकट मिळालेलं मी कधी सोडलंय?

एक होतं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं देवनागरी करणारं. दुसरं फार कामाचं. छोटा शब्द लिहून टॅबचं बटण दाबलं, की आपण ठरवून ठेवलेलं लांबलचक वाक्य ते पूर्ण करतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला तेच तेच कोण लिहीत बसणार? 'सभा' लिहा, टॅब दाबा, पुढचं आपोआप! आणि तिसरं मी त्याच सकाळी बसवलं होतं. फाइल सेव्ह केली, की ते सगळ्या ओळी नीट एका रेषेत लावून देतं.

ईशा म्हणाली, "मम्मा, तीनों एक साथ मत चलाओ. आपस में टकराएँगे. पहले एक-एक करके देख लो."

"अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून प्रोग्रॅम लिहितेय मी!"

"अच्छा. फिर ठीक है."

लेकीचं 'ठीक है' ऐकून शहाण्या आईने थांबायला हवं होतं. मी कसली थांबते!

मी सूचना लिहिली. लिहिताना रडले. वाचून पाहिली, परत रडले. मग डोळे पुसत फाइल सेव्ह केली आणि तशीच ग्रुपवर टाकली.

भराभर अंगठे आले. एकाने तर लिहिलं, "वा, बहुत बढ़िया!" माणूस गेलाय आणि हा म्हणतोय बढ़िया? पण म्हटलं, भाषेला दाद देत असेल. शेवटी आपली लेखणी आहे!

मग चिनहटच्या देशमुखांचा फोन. "ताई, मुलांनाही आणू ना?"

मी म्हटलं, "आणा ना! काका कोण होते, ते त्यांनाही कळू दे."

"आणि सासूबाई आल्यात गावाहून…"

"त्यांनाही आणा!" केवढं प्रेम हो माणसांचं, असं वाटलं मला.

रविवारी कॉलनीचा हॉल गच्च भरला. खुर्च्या कमी पडल्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, कुणीकुणी तर गजरेसुद्धा माळलेले. जरा खटकलं, नाही असं नाही. पण मी मेश्राम काकूंच्या कानात म्हटलं, "बघा काकू, किती माणसं जोडली होती काकांनी!" आणि खरं सांगू? मनात मी म्हणत होते, सुजाता, ही तुझ्या शब्दांची ताकद.

मेणबत्ती लावली, बुद्धवंदना झाली. मी बोलले, रडले. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. मग खाली बसले, ते बसलेच. कुणी उठेना!

शेवटी देशमुख माझ्याकडे वाकून कुजबुजले, "ताई, पानं कुठे मांडलीत?"

"कसली पानं?"

"जेवणाची! तुम्हीच लिहिलंय ना." आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मेश्राम काकांच्या दुःखद निधनानिमित्त रविवारी सकाळी शोकसभा व त्यानंतर सुग्रास स्नेहभोजन. सहकुटुंब, मित्रपरिवारासह येऊन आनंद द्विगुणित करावा!"

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

"'आनंद' वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण म्हटलं, काकांची शेवटची इच्छा असेल."

घरी जाऊन एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहिलं. प्रत्येक जण एकटा असताना अगदी निष्पाप! पण तिसऱ्याने ओळ नीट लावायला 'शोकसभा'च्या पुढे एक टॅब टाकला होता. दुसऱ्याला वाटलं, तो मीच दाबला. त्याने इमानेइतबारे 'सभा'पुढचं स्नेहभोजनाचं वाक्य पूर्ण केलं.

पण हे नंतर. त्या वेळी हॉलभर भुकेली माणसं बसली होती. ईशाने काही न बोलता फोन लावून चारबागहून पूरी-सब्जी मागवली. ती एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

पुऱ्या आल्या. लोक जेवले, "काका बहुत अच्छे थे" म्हणाले आणि तासाभरात हॉल रिकामा. पत्रावळींच्या ढिगाशेजारी काकू एकट्याच बसल्या होत्या. मी जाऊन त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. एक्स्टेन्शन, टॅब, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं, देव जाणे.

"म्हणजे हे सारे जेवाले आले होते?"

मी मान खाली घातली. "हो, काकू."

काकूंनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग पदराने डोळे टिपले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको वं सुजाता. मी गेली का नाही, माही चिठ्ठी पण तूच लिहिजो. त्याच मशीनवर. निदान माणसं तरी येतीन."