हमखास नोकरी

संभाजीनगरात गारखेड्यातल्या ज्या इंग्रजी शाळेत मी शिकवते, तिथं तेव्हा माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो, एकाच मेसचा डबा खायचो आणि एकाच गोष्टीला विटलो होतो. शाळेची पाटी इंग्रजी, गणवेश इंग्रजी, पण वर्गात मुलांशी दहा वाक्यं इंग्रजीत बोललं की दुसऱ्या दिवशी पालक हजर. "मॅडम, पोरांना समजंल असं शिकवा की."

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, हे आधी तिच्या डोक्यात आलं. तिकडं अगोदर एक छोटं प्रशिक्षण घ्यायचं, मग शाळेत नोकरी. मोबाईलवर अशा कोर्सच्या जाहिरातींचा नुसता पूर होता. खरी कुठली आणि खोटी कुठली, काही कळेना. म्हणून शाळा सुटली की आम्ही एकेक कोर्स तपासायला बसू लागलो. माझे प्रश्न साधे होते. खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायला मिळतो का? तो पाहायला कुणी अनुभवी शिक्षक बसतो का? निघण्याआधी शाळेचं नाव सांगतात का? कामाचा परवाना कोण काढतं? आणि 'नोकरी लावून देऊ' म्हणजे काय, मुलाखतीपर्यंत पोचवणार की थेट नेमणूक हातात देणार?

थायलंडच्या एका कोर्सनं सरळ कळवलं की नोकरीची हमी नाही, मुलाखती मिळवून देऊ, पुढं तुमचं तुम्ही बघा. मला ते बरं वाटलं. मैत्रीण मात्र वैतागली. "एवढ्या लांब जाऊन पुन्हा मुलाखतीच द्यायच्या असतील तर इथं काय वाईट आहे?"

तिला दुसरा एक कोर्स आवडला होता. तोही थायलंडचाच. हमखास नोकरी, राहणं-खाणं त्यांच्याकडं, तिकीटसुद्धा तेच काढणार. आमच्या भागातल्या मुली तिथं आधीच शिकवतायत, असंही त्यांचं म्हणणं होतं. मी शाळेचं नाव विचारलं तर उत्तर आलं, आल्यावर कळेल.

त्यांनी मैत्रिणीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली, तेव्हा मी शेजारीच बसले होते. समोरचा माणूस गोड हिंदीत बोलत होता. मुलं गोंगाट करायला लागली तर काय कराल, पाठ कसा मांडाल, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. टायपिंगचा वेग किती, अनोळखी माणसाशी इंग्रजीत चॅटिंग करता येईल का, लग्न झालंय का, घरी कोण कोण असतं, घरातलं कुणी पोलिसात किंवा सरकारी नोकरीत आहे का, एवढंच. शेवटी म्हणाला, "आप सिलेक्ट हो गयीं." मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. मी मोबाईल माझ्याकडं वळवून घेतला.

मी म्हणाले, तुमच्याकडं आमच्या भागातली मुलगी आहे ना, तिच्याशी बोलायचंय. तो हसला. "ज़रूर." रविवारी दुपारी कॉल लागला.

पडद्यावर आमच्याच वयाची एक मुलगी होती. केस नीट विंचरलेले, मागं पांढरी भिंत. इंग्रजीत म्हणाली, काम छान आहे, मुलं गोड आहेत, सगळे मदत करतात. कितवीला शिकवतेस, असं विचारलं तर तिची नजर क्षणभर बाजूला गेली आणि मग उत्तर आलं, "सगळ्याच वर्गांना."

मी मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

"लासूर टेशनची."

"बरंय का खरंच तिथं?"

ती हसली. तसंच हसत, कुठं काही न अडखळता म्हणाली, "लई बरं हाय बाई. खायला येळेवर, प्यायला येळेवर. आपल्या गावच्या कोंडवाड्यात असती ना, तशी समदी सोय हाय. तुमी या की." मग पुन्हा इंग्रजीत आभार मानले आणि कॉल बंद झाला.

मैत्रीण खुशीत होती. "बघ, ती स्वतः सांगतीय."

मी सिल्लोडकडची, आमचं घर मेंढपाळाचं. लहानपणी आमची मेंढरं कुणाच्या रानात शिरली की ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात जायची. चार भिंती, वर आभाळ, दाराला कुलूप. दंड भरल्याशिवाय जनावर सुटत नसे. आबांबरोबर मीही त्या दाराशी उभी राहिलेली आहे, आत मेंढरं ओरडायची ती ऐकलेली आहेत. कोंडवाडा हा शब्द सोयीसाठी आमच्याकडं कुणी वापरत नाही.

हे सांगितलं तर मैत्रीण भडकली. तिनं घरी सांगून टाकलं होतं, राजीनाम्याचंही बोलून झालं होतं. "तुला यायची हिंमत नाही म्हणून मला अडवतीयेस."

"मग लासूरला जाऊ," मी म्हणाले. "तिच्या घरच्यांनी सगळं चांगलं आहे म्हटलं तर मी तुला विमानतळावर सोडायला येते."

लासूरमध्ये घर शोधायला वेळ लागला नाही. परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेली मुलगी म्हटल्यावर पहिल्याच टपरीवाल्यानं बोट दाखवलं. चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून लटकत होता, उन्हानं चेहरा पुसट झालेला.

शेतकऱ्याचं घर होतं. वडिलांनी कौतुकानं तिचा फोटो दाखवला. फळ्यासमोर उभी, हातात खडू. आम्ही कॉलवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "पोरगी दर आठवड्याला बोलती आमच्याशी. तुमाला कुणाचं चांगलं बघवत नाय व्हय?"

आई दाराला टेकून ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "कोंडवाडा म्हनली?"

"व्हय, मावशी."

ती खाली बसली. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "दर बारीला फोनवर म्हनती, थोरल्या काकांना नमस्कार सांग. थोरले दीर वारून किती वर्सं झाली. मला वाटायचं, आठवन येत आसंल म्हनून बोलत आसंल."

वडिलांनी मोबाईल उलटा करून खाटेवर ठेवला. माझी मैत्रीण रडायला लागली. परतीच्या गाडीत ती एकच वाक्य बोलली, "मी नाही जात."

तक्रार द्यायला लासूरच्या त्या मुलीच्या वडिलांबरोबर मीही गेले. पहिल्या ठिकाणी साहेब म्हणाले, पोरगी दर आठवड्याला फोनवर बोलतीय, तिला बांधून ठेवल्याचा पुरावा काय? तिथून दुसरीकडं पाठवलं, दुसरीकडून शहरात. कुणीतरी अखेर ऐकून घेतलं आणि कागद दिल्लीपर्यंत गेला, असं आम्हाला सांगण्यात आलं.

त्यानंतर तिचे फोन बंद झाले.

ते महिने मला नीट आठवतही नाहीत. तिची आई अधूनमधून मला फोन करायची. नुसतं विचारायची, "काय कळलं का?" तक्रार आपण द्यायला लावली, त्यातूनच तिचं काही बरंवाईट झालं असेल का, हा विचार वर्गात शिकवतानाही डोक्यातून जात नव्हता. मैत्रिणीनं राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही. तो हसरा माणूस तिला बरेच दिवस मेसेज करत राहिला, आधी गोड, मग धमकीचे.

हिवाळ्याच्या तोंडावर ती मुलगी सरकारनं सोडवलेल्या इतर काही जणांबरोबर परत आली. आम्ही भेटायला गेलो. हाडं वर आलेली, आवाज बसलेला. थायलंडला उतरवून त्यांना गाडीत घातलं होतं, आणि नदी ओलांडून दुसऱ्याच देशात नेलं होतं. शाळा नव्हतीच. कुंपणाच्या आत इमारती, प्रत्येकीसमोर कॉम्प्युटर, आणि लांबच्या देशांतल्या एकट्या माणसांशी इंग्रजीत गोड बोलून त्यांना लुबाडायचं. फळ्यासमोरचा फोटो सगळ्यांचाच काढत, तोच फळा, तोच खडू.

"तू ते बोललीस तेव्हा त्यांना कळलं नाही?" मैत्रिणीनं विचारलं.

"पाळत ठेवनाऱ्यांत मराठी येणारं कुणी नव्हतं. हिंदीवाल्याला वाटलं, कौतुक करती." मग म्हणाली, "तुमच्या आधीबी लय जनींना सांगितलं. शहरातल्या पोरी. हसायच्या."

"मग त्यातल्या कुणी..."

"दोघी आल्या."

तिच्या आईनं आणलेला चहा तसाच निवत राहिला. त्या दोघींमधली एक तिच्याबरोबर परतीच्या विमानात होती. दुसरीला त्याआधीच कुठल्यातरी दुसऱ्या कुंपणात विकलं होतं. ती कुठली, कुणाची, हे आम्ही पुन्हा पुन्हा विचारलं. पोलिसांनीही विचारलं होतं. तिथं सगळ्यांना नवीन इंग्रजी नावं दिली होती, त्यामुळं ते काही सांगता येईना.

"संभाजीनगरचीच होती," ती म्हणाली. "एवढंच म्हाईत हाय."